फिटकरीचा ठप्पा आणि प्लॅस्टिकवरचे स्फटिक

आमच्या बहिणीचा मुलगा घाटकोपरच्या असल्फा भागात स्क्रीन प्रिंटिंगचा गाळा चालवतो. चार टेबले, सहा कारागीर. दुपट्टे, चादरी, टी-शर्ट असे मिळेल ते काम. गेल्या दोन वर्षांत काम निम्म्यावर आले. डिजिटल मशीनवर दहा मीटरचीही छपाई होते, मग चार स्क्रीन बनवण्याचा खर्च कोण करणार? मागच्या पावसाळ्यात त्याच्याकडे एक दलाल आला. म्हणाला, कापड सोडा, आता प्लॅस्टिकवर इलेक्ट्रॉनिक सर्किट छापण्याचा जमाना आहे. घडी होणारे मोबाइल बघता ना, त्यातलाच हा धंदा. मशीनसाठी सहा लाख आगाऊ द्यायचे, बाकी हप्त्याने. सोबत एक गुळगुळीत माहितीपत्रक दिले. त्यात जागोजागी 'ऑरगॅनिक क्रिस्टल' असे छापलेले.

भाचा पत्रक घेऊन आमच्याकडे आला. "मामू, हे खरे आहे का?" मागोमाग बहिणीचा फोन. तिने दागिने काढून देण्याची तयारी केली होती. "भाईजान, तुम्ही एकदा बघा, मग मी देते."

आम्ही कापडाचे व्यापारी. शिक्षण उर्दू माध्यमात, तेही बारावीपर्यंत. पण प्रश्न बहिणीच्या दागिन्यांचा होता. म्हणून महिनाभर विचारपूस केली, वाचले, जाणकारांना गाठले. जे समजले ते येथे मांडतो, कारण आपल्या बंधूंपैकी अनेकांचा गाळा छपाईचा आहे आणि असा दलाल एकाच दारात थांबत नसतो.

पहिली गोष्ट, पत्रकातली विद्या खोटी नाही. ती खरी आहे आणि आपल्या धंद्याशी तिचे नाते इतके जवळचे आहे की वाचताना आम्हीच चकित झालो.

शाळेत आम्ही 'नीम मूसिल' हा शब्द शिकलो होतो. मराठीत त्याला अर्धवाहक म्हणतात. तांबे वीज वाहून नेते, काच नेत नाही, आणि सिलिकॉनसारखा पदार्थ मध्येच बसतो. त्याला बाजूने थोडा विजेचा दाब दिला की वाट उघडते, दाब काढला की वाट बंद. या उघड-बंद होणाऱ्या नळालाच ट्रान्झिस्टर म्हणतात. मोबाइलपासून टीव्हीपर्यंत सगळे त्याच नळांचे खेळ. परंतु सिलिकॉन कडक आणि ठिसूळ, आणि त्याची चकती बनवायला हजार अंशांच्या पुढची भट्टी लागते. प्लॅस्टिकच्या पत्र्यावर ते काम कसे करणार? पत्रा वितळून जाईल.

यावर उपाय म्हणजे ऑरगॅनिक अर्धवाहक. मराठीत याला सेंद्रिय म्हणतात. वाचकांनी बाजारातली सेंद्रिय भाजी डोळ्यांसमोर आणू नये. येथे अर्थ एवढाच की पदार्थ कार्बनच्या रेणूंचा आहे. पेंटासीन, रुब्रीन अशी त्यांची नावे. रुब्रीन लाल-नारिंगी रंगाचे असते, आणि मेळ्यांत मुलांना ज्या चमकणाऱ्या कांड्या विकतात त्यांतल्या पिवळ्या-नारिंगी उजेडासाठी ते वापरतात. असे पदार्थ कमी उष्णतेवर बसवता येतात, काहींची तर शाई करता येते. प्लॅस्टिकमधून वीज वाहू शकते हे दाखवल्याबद्दल हीगर, मॅकडायर्मिड आणि जपानचे शिराकावा यांना २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचे मूळ काम १९७७ चे.

आता आपल्या कामाची गोष्ट ऐका. या घराण्यातले बरेच पदार्थ रंगांचेच भाऊबंद आहेत. पिगमेंट प्रिंटिंगमध्ये आपण जी निळी पेस्ट वापरतो ती बहुधा थॅलोसायनिन निळ्याची असते. रेणूच्या मध्ये तांब्याचा एक अणू आणि भोवती कार्बन-नायट्रोजनची जाळी. हाच निळा घेऊन १९८६ साली कोडॅक कंपनीतल्या चिंग तांग यांनी सूर्यप्रकाशापासून वीज करणारा घट बनवला. आणि नीळ, म्हणजे आपल्या पूर्वजांची नीळ, तीही अर्धवाहक निघाली. ऑस्ट्रियातल्या लिंझ येथील संशोधकांनी २०१२ साली निळीचे ट्रान्झिस्टर करून दाखवले. त्याच गटाने पुढे लाखेवरही ट्रान्झिस्टर बनवले. लाख म्हणजे तीच, जिच्या बांगड्या होतात. कोणी म्हणेल, रंगाचे आणि विजेचे काय नाते? नाते असे की रेणूतले जे इलेक्ट्रॉन सैल असतात तेच उजेड शोषून रंग दाखवतात आणि तेच वीजही वाहतात. रंगाऱ्याचा पदार्थ आणि वीजवाल्याचा पदार्थ एकाच कारणाने कामाचा ठरतो.

कलम आणि सांधा

उर्दूच्या विज्ञानाच्या पुस्तकात स्फटिकाला 'कलम' म्हणतात. कलमी सोरा हा शब्द सर्वांना ठाऊक आहे, त्यातला 'कलमी' तोच. आठवीत आमच्या मास्तरांनी मोरचूद गरम पाण्यात विरघळवून त्यात एक दोरा सोडला होता. दुसऱ्या दिवशी दोऱ्याला निळे खडे लटकलेले. पेल्याच्या गुळगुळीत भिंतीवर मात्र काही नाही. फक्त एका जागी काचेला ओरखडा होता, तिथे दोन खडे. मास्तर म्हणाले होते, कलमेला बसायला खरखरीत जागा लागते. त्या वेळी आम्ही मान डोलावली आणि विसरून गेलो. चाळीस वर्षांनी ते वाक्य कामाला आले.

स्फटिकात रेणू शिस्तीने, एकावर एक, रांगेत बसलेले असतात. वीज एका रेणूवरून दुसऱ्यावर उडी मारत जाते. रांग सरळ असेल तर चाल वेगाची. परंतु तोच पदार्थ घाईने पसरला, तर एकसंध स्फटिक न होता बारीक बारीक कण होतात, प्रत्येकाची दिशा वेगळी. दोन कणांच्या सांध्यावर वीज अडकते. विणकर बंधूंना हे सांगायला नको. ताण्यातले धागे अखंड असले तर माग सरळ चालतो. पावलोपावली गाठ असेल तर प्रत्येक गाठ फणीत अडते. कापसाचा दर्जा तोच असतो, गाठी माल खराब करतात.

या चालीचे माप असते. एकक किचकट आहे, वाचकांनी आकडे केवळ तुलनेसाठी घ्यावेत. चांगल्या सिलिकॉन स्फटिकात चाल हजाराच्या पुढे. जुन्या एलसीडी टीव्हीच्या काचेवर जे साधे, स्फटिक नसलेले सिलिकॉन बसवलेले असते, त्यात १ च्या आतबाहेर. घाईने पसरलेल्या ऑरगॅनिक थरात पुष्कळदा ०.१ किंवा त्याहूनही कमी. मात्र रुब्रीनचा निर्दोष एकसंध स्फटिक घेतला तर आकडा दहाच्या पुढे, वीसच्या आसपासही जातो. पदार्थ एकच, फरक शिस्तीचा.

मग अडले कुठे? अडले ते जागेवर. स्फटिक उगवतो त्याच्या मर्जीने, त्याला वाटेल तिथे. प्रयोगशाळेत लोक एकेक स्फटिक चिमट्याने उचलून विजेच्या दोन पट्ट्यांवर ठेवत. एक ट्रान्झिस्टर करायला हे ठीक आहे. पण पडद्याला लाखो ट्रान्झिस्टर लागतात, प्रत्येक ठरलेल्या जागी. आपल्याकडे जरदोजीचा कारीगर सुईने एकेक टिकली लावतो, त्याची मजुरी काय होते ते सर्वांना माहीत आहे. लाख टिकल्या एका तळहातावर लावायच्या तर कोण लावणार?

सिलिकॉनवाल्यांची पद्धत म्हणजे सगळीकडे थर द्यायचा, वर प्रकाशाने आकृती उतरवायची आणि नको तो भाग रसायनाने धुऊन काढायचा. ती येथे चालत नाही. धुण्याच्या रसायनातच ऑरगॅनिक पदार्थ विरघळतो किंवा बिघडतो. कच्च्या रंगाचे कापड गरम पाण्यात बुडवल्यासारखे.

ठप्पा कशाचा मारायचा

याचे एक उत्तर डिसेंबर २००६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात छापून आले. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या झेनान बाओ, त्यांच्याबरोबर अलेहांद्रो ब्रिसेनो, स्टेफान मॅन्सफेल्ड आणि लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले सहकारी यांचे ते काम. त्यांनी काय केले, तर ठप्पा मारला.

ठप्पा लाकडाचा नव्हे, सिलिकॉन रबराचा. साच्यावर पातळ रबर ओतायचे, गोठले की सोलून काढायचे. साच्यातली काही मायक्रॉनची नक्षीसुद्धा त्यात उतरते. असा रबरी ठप्पा वापरून रेणूंचा थर छापण्याची कल्पना हार्वर्डचे जॉर्ज व्हाइटसाइड्स आणि अमित कुमार यांनी १९९३ साली मांडली होती. बाओ यांच्या गटाने या ठप्प्याला ओटीएस नावाचे तेलकट रसायन लावले आणि पट्टीवर ठरलेल्या जागी ठिपके उमटवले. मग ती पट्टी आणि रुब्रीनची पूड काचेच्या नळीत ठेवून, हवा काढून, तापवली. पूड उडून तिची वाफ झाली, वाफ पट्टीवर आली आणि स्फटिक उगवले. कुठे? जिथे ठप्पा होता तिथेच. मधली गुळगुळीत जागा रिकामी. पेंटासीन घेतले तरी तसेच घडले.

लक्षात घ्या, ठप्प्याने अर्धवाहक छापलाच नाही. ठप्प्याने छापली ती अर्धवाहकाला बसायची जागा. ओटीएसचा ठिपका सूक्ष्म नजरेने पाहिला तर खडबडीत असतो. वाफेतले रेणू गुळगुळीत जागेवर टिकत नाहीत, घसरून पुढे जातात. खडबडीत ठिपक्यावर त्यांना कोपरे सापडतात, चार रेणू जमतात आणि तिथे स्फटिकाचे बीज धरते. आमच्या मास्तरांचा पेला आणि त्यावरचा ओरखडा!

हे वाचल्यावर आम्ही पत्रक बाजूला ठेवले आणि कपाटातली एक जुनी अजरख काढली. कच्छमधले धमडका आणि अजरखपूर येथील खत्री कारागीर हेच तर करत आले आहेत. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवतात. मग चुना आणि डिंकाचा ठप्पा, म्हणजे तिथे रंग लागू नये. मग लोखंड-गुळाच्या आंबवणीचा ठप्पा, काळ्यासाठी. मग फिटकरीचा ठप्पा. फिटकरीला स्वतःचा रंग नाही. ठप्पा मारलेले कापड पाहून अनोळखी माणसाला काही समजायचे नाही. नंतर अख्खे थान लाल रंगाच्या कढईत उकळतात, आणि लाल चढतो तो फक्त फिटकरीवर. बाकी कापड धुतले की मोकळे. कढईत रंग सगळीकडे आहे, जशी नळीत वाफ सगळीकडे आहे. तो कुठे बसणार हे आधीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या ठप्प्याने ठरवलेले असते.

आमच्या समजुतीने या साऱ्या विद्येचा गाभा एवढाच आहे. माल कुठे पडतो ते पाहू नका, जमीन कुठे तयार केली ते पाहा.

अशा पट्ट्यांवर मिळालेले ट्रान्झिस्टर कसे निघाले? चाल २.४ पर्यंत गेली. टीव्हीच्या साध्या सिलिकॉनच्या पुढचा हा आकडा आहे. चालू आणि बंद यांतला फरक एक कोटी पटींहून जास्त, म्हणजे नळ बंद केला की गळत नाही. येथे ठप्प्याचा दुसरा फायदा समजतो. अर्धवाहक सगळीकडे पसरलेला असता तर एका ट्रान्झिस्टरची वीज शेजारच्यात पाझरली असती. छपाईत आपण म्हणतो, रंग फुटला. मधली जागा कोरी राहिली म्हणून फुटला नाही.

एक नुकसानीचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही. १९९८ साली आम्ही १८०० मीटर कॅम्ब्रिक छापून घेतले, एका बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी. रंग उत्तम, डिझाइन पसंत, ठप्पेवाला वीस वर्षांचा अनुभवी. माल हातात आला तेव्हा प्रत्येक ताक्यावर ढगांसारखे डाग. कुठे गडद, कुठे फिके. आम्ही रंगवाल्याला बोललो, ठप्पेवाल्याला बोललो. शेवटी समजले की कोऱ्या कापडावरची खळ नीट काढलीच नव्हती. धुलाईचे दोन दिवस वाचवण्यासाठी कोणीतरी अर्धवट धुऊन माल पुढे ढकलला होता. खळ राहिली तिथे रंग आत शिरला नाही. गिऱ्हाइकाने माल परत केला, आम्ही तो चिंधीच्या भावाने विकला. ठप्पेवाल्याची माफी मागायला आम्हाला सहा महिने लागले, हेही कबूल करतो.

स्फटिकांच्या कामात हाच हिशेब हजार पटींनी कडक असतो. पट्टीवर बोटाचा तेलकट ठसा उमटला तरी तिथे नको ते बीज धरते. धुळीचा एक कण म्हणजे मास्तरांच्या पेल्यावरचा ओरखडा. म्हणून हे काम गाळलेल्या हवेच्या बंद खोलीत होते. आमच्या मुंबईची दमट हवा तर त्याची खास दुश्मन. पेंटासीन उजेड आणि हवा यांच्या संगतीत बिघडते, रुब्रीनही तसेच. त्यामुळे वरून हवाबंद आवरण द्यावे लागते.

वाकवल्यावर काय होते

स्फटिक म्हटले की मोडणार, ही आपली समजूत. मीठ वाकते का? परंतु येथे जाडीचा प्रश्न आहे. पुठ्ठा वाकवला तर तडकतो, तोच कागद असला तर गुंडाळता येतो. हिशेब सोपा आहे. १०० मायक्रॉन जाडीची पट्टी, म्हणजे साधारण जाड केसाइतकी, १ सेंटिमीटर त्रिज्येच्या दांडीवर गुंडाळली, तर तिच्या बाहेरच्या अंगाला सुमारे अर्धा टक्का ताण पडतो. पट्टी १० मायक्रॉनची केली तर तोच ताण दहावा हिस्सा. पट्टी पातळ आणि वरचा स्फटिकही पातळ असला, तर तो पट्टीला चिकटून तिच्याबरोबर वळतो. बाओ यांच्या गटाने वाकणाऱ्या पट्टीवर ट्रान्झिस्टर करून, ते चांगले वाकवूनही काम करतात हे त्याच लेखात दाखवले होते. आणखी एक युक्ती शिंप्यांना लगेच समजेल: वरून तेवढ्याच जाडीचे अस्तर दिले की स्फटिक मधोमध येतो, आणि मधोमध ना ताण, ना दाब.

सगळे प्रश्न सुटले असे नाही. एका ठिपक्यावर कधी एक स्फटिक उगवतो, कधी तीन. त्यांचे तोंड कुठल्या दिशेला असेल हे ठप्पा ठरवू शकत नाही. दिशेवर चाल अवलंबून असते, म्हणजे शेजारचे दोन ट्रान्झिस्टर सारखे निघत नाहीत. आपल्याकडे एका ताक्यात दोन छटा आल्या तर गिऱ्हाईक घेत नाही. येथेही तोच नियम.

म्हणून लोकांनी दुसऱ्या वाटाही काढल्या. जपानमध्ये त्सुकुबा येथील संशोधकांनी २०११ साली इंकजेटने स्फटिक छापले. एका थेंबात अर्धवाहकाची शाई, दुसऱ्यात असे द्रव ज्यात तो विरघळत नाही. दोन्ही एका जागी पडले की पदार्थ वर तरंगून पातळ, एकसंध पापुद्रा धरतो. चालीची सरासरी १६.४ पर्यंत गेली. बाओ यांच्याच गटाने २०१३ साली पात्याने शाई ओढून स्फटिक एका दिशेत उगवण्याची रीत दाखवली. पात्यावर सूक्ष्म खांब होते आणि शाई त्यांच्यामधून वाहत असे. ते पाते म्हणजे स्क्रीनवाल्याची स्क्वीजीच म्हणा, फार शिकलेली.

मग घडी होणाऱ्या मोबाइलमध्ये काय आहे? दलालाच्या बोलण्यातला घोळ येथेच होता. त्या पडद्यात उजेड देणारे थर खरोखर ऑरगॅनिक असतात, आणि ते पातळ धातूच्या भोकाभोकांच्या पत्र्यातून वाफ सोडून ठरलेल्या जागी बसवतात. ही स्टेन्सिलची छपाईच झाली. पण ते थर स्फटिकांचे नाहीत, आणि मागून त्यांना चालवणारे ट्रान्झिस्टर सिलिकॉनचे किंवा धातूच्या ऑक्साइडचे असतात. ठप्प्यावर उगवलेले ऑरगॅनिक स्फटिक अजून प्रयोगशाळेतले आहेत. दुकानात कोणी त्यांची मशीन विकत असेल तर काय विकतो हे पाहिले पाहिजे.

आपल्या उपनगरांत या विद्येची घरे आहेत, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. पवईच्या आयआयटीत मेटलर्जी विभागात प्राध्यापिका दीप्ती गुप्ता यांची प्लॅस्टिक इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा आहे, भौतिकी विभागात दिनेश काबरा ऑरगॅनिक अर्धवाहकांवर काम करतात. असल्फ्यावरून रिक्षा केली तर अर्धा तास. ही आयआयटी १९५८ साली सुरू झाली तेव्हा तिला स्वतःची इमारत नव्हती. पहिले वर्ग वरळीला कृत्रिम रेशीम गिरण्यांच्या संशोधन संस्थेत, सस्मिरात भरले. म्हणजे कापडवाल्यांनीच तिला आसरा दिला होता. घाटकोपरला लालबहादूर शास्त्री मार्गावर बिट्रा आहे, १९५४ सालची कापड संशोधन संस्था. माटुंग्याची यूडीसीटी, आताची आयसीटी, १९३३ साली सुरू झाली ती कापड रसायन हाच एक मुख्य विषय घेऊन. तिचे पहिले भारतीय संचालक वेंकटरामन यांनी कृत्रिम रंगांवर जो ग्रंथ लिहिला तो जगभर वाचला गेला. पोरांना कॉलेजला घालताना आपण कॉम्प्युटर एवढेच ऐकलेले असते. रंग रसायन शिकलेला मुलगा उद्या ही शाई बनवू शकतो, हे घरात कोणी सांगत नाही.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येऊ. आम्ही त्याला म्हणालो, दलालाला बोलाव आणि माझ्यासमोर बसव. आम्ही तीन गोष्टी विचारल्या. मशीनमध्ये कोणता अर्धवाहक भरतात, नाव सांगा. छापलेल्या नमुन्याची चाल कोणी मोजली, कागद दाखवा. आणि चालू मशीन कुठे आहे, तिथे घेऊन चला, वाकवलेल्या पट्टीवर दिवा लावून दाखवा. पहिल्या प्रश्नाला तो म्हणाला, कंपनी सांगत नाही. दुसऱ्याला म्हणाला, परदेशातून येईल. तिसऱ्याला त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. भाच्याने फोटो मोठा केला आणि हसू लागला. ते होर्डिंगचे फ्लेक्स छापणारे जुने मशीन होते. असल्याच एका मशीनवर त्याचा मित्र निवडणुकीचे बॅनर छापतो. 'फ्लेक्सिबल'चे 'फ्लेक्स' कसे झाले ते तेव्हा आमच्या ध्यानात आले. दलाल चहा न पिता गेला.

परंतु नाही म्हणून गाळा चालत नाही. वीजवाल्यांची जी छपाई आज बाजारात आहे ती आम्ही पाहिली. रिमोट, वजनकाटे, वॉशिंग मशीन यांवरची दाबायची पातळ पाटी असते, तिच्या आत पॉलिएस्टरच्या पत्र्यावर चांदीच्या पेस्टच्या रेषा असतात. त्या स्क्रीनने छापतात. रक्तातली साखर मोजायच्या पट्टीवर कार्बनच्या पेस्टची छपाई असते, सौर पॅनेलच्या पेशींवरच्या बारीक चांदीच्या रेषाही स्क्रीनच्याच. यात स्फटिक उगवायचा नसतो, रेषा अखंड हवी एवढेच. जाळी, स्क्वीजी, खुणेवर खूण बसवणे, भट्टीत पक्के करणे, हे सारे आपले कारागीर डोळे मिटून करतात. नवीन शिकायचे ते पेस्टचा हिशेब, कारण चांदी सांडली तर नफा सांडतो, आणि मीटर लावून रेषा तपासणे.

अंधेरी एमआयडीसीत अशा पाट्या बनवणाऱ्या एका कारखानदाराने भाच्याला नमुन्याचे काम दिले, ४० पत्रे. त्यातले ११ बाद झाले. रेषा मध्येच तुटलेली. कारागिरांनी पेस्टला दोष दिला, भाच्याने जाळीला. आम्ही भिंग घेऊन बसलो, तर प्रत्येक तुटीच्या जागी रुईचा एक तंतू. त्याच टेबलावर सकाळी दुपट्टे छापले होते. मग गाळ्याच्या एका कोपऱ्यात प्लायवूडचे पार्टिशन घातले, आत कापड नेणे बंद, पत्रा आधी स्पिरिटने पुसायचा आणि कडेने धरायचा. दुसऱ्या ४० मध्ये ३ बाद. कारखानदार म्हणतो, शंभरात एक चालेल. दुपट्ट्यांची तीन टेबले अजून चालू आहेत, चौथे पार्टिशनमध्ये आहे. तिसरी खेप गुरुवारी द्यायची आहे. बहिणीचे दागिने तिच्या कपाटातच आहेत.